‘पाच मिनिटांचं काम’: प्रकाशकाकडून उत्तर

नमस्कार,

आमच्या शरीररचनेच्या ईबुकला तुम्ही एक स्टार दिलात. स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) पुस्तक ऐकताना सहाव्या प्रकरणात चित्र आलं की वर्णनाऐवजी ‘आयएमजी शून्य सहा’ असं फाइलचं नाव ऐकू येतं, ही तक्रार खरी आहे. चूक आमची. त्या प्रकरणाची दुरुस्त प्रत उशिरा आली, तोवर तपासणी उरकली होती आणि नवी फाइल तशीच आत गेली. १४ चित्रांना ऑल्ट टेक्स्टच, म्हणजे ऐकणाऱ्यासाठी चित्रामागे लिहिलेलं वर्णनच, नव्हतं. माफ करा.

पण ‘चित्रामागे एक ओळ लिहायची, पाच मिनिटांचं काम, तेही जमत नाही’ हे मात्र जिव्हारी लागलं. पुस्तकात ११२ चित्रं आहेत. उरलेल्या ९८ चित्रांची वर्णनं आम्ही दोघांनी बसून लिहिली. हृदयाचंच घ्या. चित्राखाली ‘हृदयाचा उभा छेद’ छापलेलं आहेच. तेच ऑल्टमध्ये टाकलं तर तुम्हाला एकच गोष्ट दोनदा ऐकावी लागेल. म्हणून आत काय दिसतं ते सांगायचं. आता, पानावर डावीकडे दिसतो तो हृदयाचा उजवा भाग. बघणारा नावं वाचून सावरून घेतो. ऐकणाऱ्याला नुसतं ‘डावीकडचा कप्पा’ म्हटलं, की फुप्फुसांकडे जाणारं रक्त भलत्याच बाजूने निघालं! ते वर्णन तीनदा बदललं. आणि ‘आकृतीतला क भाग ओळखा’ या प्रश्नाचं काय करायचं? नाव लिहिलं तर उत्तर फुटतं, काहीच नाही लिहिलं तर प्रश्नच उरत नाही. शेवटी ‘क’ कुठे आहे आणि कशाला जोडलेला आहे एवढंच लिहिलं. यावर आमचं दोन दिवस वाजलं होतं. तपासणीचं सॉफ्टवेअर वर्णन आहे की नाही एवढंच सांगतं, धड आहे का ते नाही.

तुमच्या भावाने मोजलेली ‘गाळलेली’ चित्रं म्हणजे प्रकरणांच्या शेवटची वेलबुट्टी. तिथे ऑल्ट मुद्दाम रिकामं ठेवलंय, म्हणजे स्क्रीन रीडर न अडखळता पुढे जातो. हा आळस नव्हे.

पुस्तकात आमचा ईमेल आहे. आधी तिथे एक ओळ टाकली असतीत तर बरं झालं असतं, इतकंच.

सहावं प्रकरण दुरुस्तीला घेतलंय, बाकीची पुस्तकंही बघतो आहोत. नवी फाइल लवकरच देऊ. ती उतरवून घेताना तुमच्या वाचनखुणा कदाचित पुसल्या जातील, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.