शाळेतील कार्यशाळा कोणासाठी? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

माध्यमिक शाळा आणि कनिष्ठ महाविद्यालयांतील शैक्षणिक विभाग व व्यवसाय विभाग एकाच वेळापत्रकात असावेत, असे मांडणाऱ्या माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि कठोर प्रतिक्रिया लिहिली आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती पाना-पकड दिली की त्याची पुढील शिक्षणाची वाट बंद होते आणि ही मुले बहुतांशी वस्त्यांमधील दलित-बहुजन घरांतीलच असतात, असे आपण म्हणता. वर्ध्यात गांधीजींची नई तालीम, म्हणजे हस्तोद्योगातून शिक्षण देण्याची योजना, फसल्यावर तोच विचार पुन्हा मांडणे म्हणजे जातींचे धंदे शाळेत आणणे होय, हा आपला दुसरा आक्षेप आहे. नोकरी इंग्रजी व गणितावर मिळते, तेव्हा शाळेने तेवढेच नीट शिकवावे, असे आपण शेवटी सुचवले आहे.

पहिला आक्षेप नागपुरात राहणाऱ्या कोणीही हलका मानू नये. त्याला इतिहासाचा आधार आहे. मद्रास राज्यात १९५३ साली राजगोपालाचारी यांच्या सरकारने ग्रामीण प्राथमिक शाळांचे तास कमी केले आणि उरलेल्या वेळेत मुलांनी आईवडिलांचा व्यवसाय शिकावा, अशी योजना आणली. तिला प्रखर विरोध झाला आणि १९५४ मध्ये कामराज मुख्यमंत्री झाल्यावर ती रद्द करण्यात आली. तो विरोध पूर्णपणे योग्य होता. मात्र त्याच्या आधी, १९४२ साली, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सरकारला दिलेल्या निवेदनात अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना विज्ञान व तंत्रशास्त्राच्या उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या होत्या. मद्रासची योजना मुलाला घरच्या धंद्यात परत पाठवत होती, तर बाबासाहेबांची मागणी त्याला यंत्र आणि शास्त्र या दोन्हींवर अधिकार मिळवून देणारी होती. शाळेच्या व्यवसाय विभागाची परीक्षा मी याच कसोटीवर करतो, आणि आज तो या कसोटीला उतरत नाही, हेही मला मान्य आहे.

तो का उतरत नाही, हे पाहण्यासाठी आपल्याच शहरातील अकरावीच्या प्रवेशाकडे पाहावे. विज्ञान शाखेत इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्स हा द्विलक्षी (बायफोकल), म्हणजे नेहमीच्या विषयांसोबत घ्यायचा व्यवसायाचा, विषय दोनशे गुणांचा असतो. तो घेणारा विद्यार्थी दुसरी भाषा आणि एक वैकल्पिक विषय सोडतो, पण भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित ठेवतो. या जागांसाठी नामांकित महाविद्यालयांत चढाओढ असते. दुसरीकडे अकरावी-बारावीच्या व्यवसाय शिक्षणाच्या किमान कौशल्य अभ्यासक्रमाची, म्हणजे ज्याला सगळे एमसीव्हीसी म्हणतात त्या शाखेची, इलेक्ट्रॉनिक्सची तुकडी असते. तिथेही तोच मल्टीमीटर आणि तेच सोल्डरिंग आहे, कामाचे तास तर कितीतरी अधिक आहेत. तरीही तिथे जाणाऱ्या मुलाविषयी ‘इतरत्र मिळाले नाही म्हणून गेला’ असे बोलले जाते. हाताने काम करणे हेच अप्रतिष्ठेचे कारण असते, तर ते द्विलक्षीलाही चिकटले असते. द्विलक्षीच्या विद्यार्थ्याला अभियांत्रिकीचे दार उघडे राहते. किमान कौशल्याच्या विद्यार्थ्याला भाषा, सामान्य पायाभूत अभ्यासक्रम आणि व्यवसायाचे विषय शिकवले जातात, नियमित भौतिकशास्त्र व गणित शिकवले जात नाही, म्हणून ते दार बंद होते. तांत्रिक गटातील मुलांना तंत्रनिकेतनाच्या (पॉलिटेक्निकच्या) दुसऱ्या वर्षात थेट प्रवेशाची सोय आहे, आणि ती मोलाची आहे, परंतु गणिताचा पाया कच्चा राहिल्यामुळे तिथे पोहोचलेल्या अनेकांची दमछाक होते. आपण ज्याला मुलाची वाट बंद होणे म्हणता, ते विषयांच्या या वाटणीत घडते.

या वाटणीमागे प्रशासनाची रचना आहे. कला, वाणिज्य, विज्ञान या शाखा शालेय शिक्षण विभागाकडे, तर किमान कौशल्य शाखा व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाकडे. मंडळ परीक्षा घेते, पण शिक्षकांची पदे, निधी, तपासणी हे सगळे वेगवेगळ्या कार्यालयांतून चालते. त्यामुळे एकाच आवारात विज्ञानाचा विद्यार्थी रोहित्राची (ट्रान्सफॉर्मरची) आकृती वहीत काढतो, पलीकडच्या इमारतीतील कार्यशाळेत खरे रोहित्र असते, आणि तिथे त्याला नेण्याचा अधिकार कोणाकडेच नसतो. तिथला निदेशक, म्हणजे कार्यशाळेत काम शिकवणारा शिक्षक, आणि इकडचा भौतिकशास्त्राचा अधिव्याख्याता यांनी मिळून एक तास घेतला, असे मी आजवर पाहिलेले नाही. हे मला फार खटकते.

आता नई तालीमविषयी. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला परिषद झाली आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने योजना आखली. त्यात सात वर्षांचे सक्तीचे शिक्षण, मातृभाषेतून आणि उत्पादक हस्तोद्योगाच्या आधाराने, सर्व मुलांसाठी सांगितले होते. शैक्षणिक आणि व्यावसायिक असे दोन विभाग त्यात नव्हतेच. पुढे ती खेड्यांतील शाळांची गोष्ट ठरली, शहरांतील चांगल्या शाळा जशा होत्या तशाच राहिल्या, आणि पालकांनी त्यातून काय अर्थ घ्यायचा तो घेतला. कोठारी आयोगाने (१९६४-६६) सर्वांसाठी कार्यानुभव, म्हणजे शाळेतच हाताने काम करण्याचा विषय, सुचवला, त्याचीही गत वेगळी झाली नाही. कार्यानुभवाचा तास म्हणजे कागदी फुले, आणि दहावीला तर तो गणिताचा अभ्यासक्रम संपवण्यासाठी राखीव, हे आपणही अनुभवले असेल. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणाने उच्च माध्यमिक स्तरावरील १० टक्के विद्यार्थी १९९० पर्यंत आणि २५ टक्के १९९५ पर्यंत व्यवसाय शिक्षणाकडे वळवण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. मुलांना ‘वळवायचे’ हीच भूमिका असल्यावर कोणाची मुले वळवली जाणार, हे उघड होते. जी गोष्ट सर्वांसाठी म्हणून कधी राबवलीच गेली नाही, तिला फसलेली म्हणणे मला पटत नाही.

इंग्रजी आणि गणिताचा आपला आग्रह मला पूर्ण मान्य आहे. त्यासाठी कार्यशाळा सोडावी लागते, एवढे मात्र मान्य नाही. घरातील उपकरणांचा एकूण विद्युतभार काढून तारेची जाडी ठरवणाऱ्या मुलीला गुणोत्तर वेगळे समजावून सांगावे लागत नाही, आणि यंत्रासोबत आलेली इंग्रजी पुस्तिका तिला गरजेपोटी वाचावी लागते. नागपूरजवळच्या बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून गेलेल्या मुलांना अडचण येते ती बहुधा या वाचण्याचीच.

म्हणून माझी सूचना अशी आहे. आठवी ते दहावीपर्यंत प्रत्येक मुलाने, डॉक्टरांच्या मुलानेही, कार्यशाळेत आठवड्याला ठरलेले तास काम करावे आणि त्याचे गुण निकालात धरावेत. अकरावी-बारावीत किमान कौशल्याच्या विद्यार्थ्याला शेजारच्या वर्गात बसून भौतिकशास्त्र आणि गणित घेण्याची व त्यांची मंडळाची परीक्षा देण्याची मुभा असावी. दोन्ही विभागांचे वेळापत्रक प्राचार्यांनी एकत्र आखल्याशिवाय हे शक्य नाही आणि निदेशकाची पदे तासिका तत्त्वावर भरून तर मुळीच शक्य नाही. जिथे भौतिकशास्त्र-गणिताची ही मुभा देण्याची तयारी नसेल, तिथे व्यवसाय विभागाची नवी तुकडी उघडू नये, आणि या बाबतीत मी आपल्या बाजूने उभा आहे.