आधी टायर दाखवा

दादाच्या 2010च्या वॅगन आरला पंधरा वर्षं झाली आणि घरात दोन पक्ष पडले. भाच्याचं म्हणणं, 22 सप्टेंबर 2025पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवर आलाय, आता नाही तर कधी? दादाचं म्हणणं, "गाडी धकते ना बाप्पा, मंग काहून इकाची?" निकालासाठी दोघांनीही जर्मनीत मला फोन लावला. परदेशातल्या बहिणीला गाड्यांतलं कळतं, असा आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात समज आहे.

माझा कौल दादाकडे, पण त्याची कारणं मला मान्य नाहीत.

आधी व्हॉट्सअ‍ॅपवरची भीती बाजूला ठेवू. दहा वर्षांचं डिझेल आणि पंधरा वर्षांचं पेट्रोल बंद, हा वाद दिल्ली आणि तिच्या आसपासच्या राजधानी क्षेत्रातला. यवतमाळात खासगी गाडी तपासून घेऊन नोंदणी पाच वर्षांनी वाढवता येते. 2022पासून त्याचं शुल्क 5,000 रुपये आहे, वर पर्यावरण कर. नव्या गाडीच्या एक-दोन हप्त्यांत हे सगळं भागतं. आणि हप्ता दर महिन्याला येतो. कापूस-सोयाबीनचा पैसा तसा येत नाही.

इथे जर्मनीत वीस वर्षांच्या गाडीकडे कोणी वळूनही पाहत नाही. नवी गाडी तीन वर्षांची झाली की पहिली तपासणी, पुढे दर दोन वर्षांनी. ब्रेकचा जोर रोलरवर मोजतात, गाडी वर उचलून खालचा पत्रा बघतात, टायर, दिवे, धूर सगळं तपासतात. मोठा दोष निघाला तर महिन्याभरात दुरुस्त करून पुन्हा दाखवायची. तपासणारा गॅरेजवाला नसतो, म्हणून बिल फुगवण्यात त्याला काही मिळत नाही. आपल्याकडे खासगी गाडीला पहिली पंधरा वर्षं पीयूसीपलीकडे काहीच दाखवावं लागत नाही. मग अचानक तिचं वय निघतं.

अर्थात जर्मन लोक फार शहाणे असंही नाही. 2009च्या मंदीत इथल्या सरकारनं किमान नऊ वर्षं जुनी गाडी मोडून नवी घेणाऱ्याला 2,500 युरो दिले. त्यात पर्यावरणाचं नाव होतं, पण मुख्य काळजी कारखान्यांची होती. शोरूमच्या जाहिराती वाचताना भाच्यानं हे लक्षात ठेवावं.

दोन्हीकडे गाडी मरते मात्र वेगवेगळ्या रोगानं. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यानं पत्रा खालून सडतो. आमच्या भागात पत्रा ठणठणीत राहतो, पण 45 अंशांच्या उन्हात रबर आणि बॅटरी जाते. टायरवर नक्षी शाबूत असते आणि कडेला भेगा पडलेल्या असतात. टायरच्या कडेवर चार आकडे असतात: 2319 म्हणजे 2019च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. गाडी कमी फिरते म्हणून टायर चांगले, हा दादाचा लाडका युक्तिवाद या चार आकड्यांपुढे टिकत नाही. स्टेपनी तर गाडीबरोबर आलेलीच आहे.

दादाची खरी तक्रार पेट्रोलची आहे, आणि तिथे मी पूर्ण त्याच्या बाजूनं आहे. 2011मध्ये इथे दहा टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं तेव्हा लोक बिचकले. कोणत्या गाडीला ते चालतं याची यादी निघाली, आणि पाच टक्क्यांचं पेट्रोल आजही शेजारच्याच नळीतून मिळतं. आपल्याकडे वीस टक्के आलं आणि गावच्या पंपावर निवड उरली नाही. नीती आयोगाच्या 2021च्या अहवालातच लिहिलंय की जुन्या प्रकारच्या चारचाकीचं मायलेज यानं सहा-सात टक्के घटू शकतं. रबरी नळ्या आणि गॅस्केटही लवकर बदलावी लागतात. वर मक्यापासून इथेनॉल काढल्यावर उरलेला चोथा पशुखाद्यात जातो आणि सोयाबीनच्या ढेपेची मागणी खातो. म्हणजे दादाच्या सोयाबीनचा भाव पाडणारी गोष्ट त्याच्याच टाकीत पडते! तरीही एवढ्यासाठी लाखांची गाडी घेणं परवडत नाही. नळ्या बदलणं परवडतं.

भाच्याचा एक मुद्दा मात्र मला खोडता आला नाही. या गाडीत एअरबॅग नाही, एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं अडकू न देणारी यंत्रणा) नाही. नव्या गाड्यांत एबीएस 2019पासून आणि पुढच्या दोन एअरबॅग 2022पासून सक्तीच्या आहेत. शेत, बाजार, यवतमाळचा दवाखाना एवढ्यात काटा साठच्या वर जात नाही, तिथे ही गाडी पुरते. पण भाची संभाजीनगरला शिकते, आणि तिला सोडायला कारंज्याहून समृद्धीवर चढायचं. तिथे कारला मर्यादा 120ची. तापलेल्या काँक्रीटवर जुने टायर घेऊन त्या वेगानं जायला माझी सक्त मनाई आहे. त्या प्रवासाला भाड्याची नवी गाडी करावी. वर्षभराचं भाडं आणि वर्षभराचे हप्ते शेजारी लिहून बघ, असं दादाला सांगितलं.

दादा म्हणाला, "घरी गाडी असून भाड्यानं जाचं? लोकं काय म्हणतीन?"

लोकांचं मी इथून काही करू शकत नाही. दारव्ह्याच्या गाडीवाल्याला भाडं तेवढं विचारून ठेवलंय.