गुलबक्षीचा काढा आणि टोमॅटोचा बोकड्या

नाशिकच्या पिंपळगाव, दिंडोरी, गिरणारे पट्ट्यात टोमॅटो लागवडीच्या तोंडावर एक मेसेज फिरतो: गुलबक्षीची 1 किलो पानं 10 लिटर पाण्यात अर्धा तास उकळा, गाळून फवारा. पानांतलं प्रथिन व्हायरस मारतं, बोकड्या (पानं वळवणारा विषाणूरोग) आलेला प्लॉट सुधारतो, आणि झाडपाला असल्याने धोका नाही.

गुलबक्षीत विषाणूरोधक प्रथिन आहे, एवढं खरं.

'व्हायरस मारतं.' नाही. सुमारे 250 अमिनो आम्लांचं हे प्रथिन मुख्यतः रायबोसोमवर, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रावर, घाव घालतं. त्याच्या आरएनएमधला एक ठरावीक अ‍ॅडेनिन हा घटक उडवला की पेशीत प्रथिनं बनणंच थांबतं, विषाणूचीही. एरंडाच्या बीतलं रिसिन हेच करतं. त्याला पेशीत शिरायला दुसरी साखळी असते, म्हणून ते जहाल. एरंडही झाडपालाच!

'अर्धा तास उकळा.' उकळीत बहुतेक प्रथिनांची घडी मोडते आणि उरतो हिरवा काढा. तमिळनाडूत भुईमुगासाठी ज्वारी किंवा नारळाच्या पानांचा अर्क सांगतात, तो 60 अंशांवर तासभर तापवून.

'बोकड्या सुधारतो.' खरी गफलत इथे आहे. प्रयोगशाळेत तंबाखूच्या पानावर कार्बोरंडम या खरखरीत पदार्थाची बारीक पूड टाकून विषाणू आणि गुलबक्षीचा रस एकत्र चोळतात, 3-4 दिवसांनी लागणीचे ठिपके मोजतात. ठिपके घटतात, कारण ओरखड्यांतून दोघेही सोबतच आत जातात. शेतात पांढरी माशी सोंड खुपसून विषाणू थेट अन्नवाहिनीत सोडते. फवारलेलं प्रथिन पानाच्या मेणचट थरावरच वाळतं. पुनर्नवाच्या मुळातल्या प्रथिनाने झाडाची प्रतिकारशक्ती जागी होते, पण लागण होण्याआधी दिलं तर. पानं वाटीसारखी वळल्यावर उशीर झालेला असतो.

मग या प्रथिनांचा उपयोग काय? 1993 मध्ये पोकवीड या अमेरिकी झुडपातल्या अशाच प्रथिनाचं जनुक तंबाखू-बटाट्यात घातलं, तेव्हा झाडं अनेक विषाणूंना दाद देईनात. पण प्रथिन जास्त झालं की तीच झाडं खुजी, पानं चट्ट्याचट्ट्यांची. आपल्याच रायबोसोमला झळ बसते ना! पोकवीडचं हे प्रथिन अँटिबॉडीला जोडून रक्ताच्या कर्करोगावरही आजमावलं गेलं.

प्लॉटपुरतं सांगायचं तर नर्सरीला 40-50 मेशची जाळी, कडेने मक्याच्या दाट ओळी, पिवळे चिकट सापळे. लागवडीनंतरच्या पहिल्या महिन्यात बोकड्याचं झाड दिसलं तर पहाटे, माशी सुस्त असताना, आधी वरून पिशवी घाला आणि मग उपटा. नुसतं उपटलंत तर माशी शेजारच्या झाडावर जाऊन बसते.