‘खास तुमच्यासाठी’ म्हणजे नेमके कोणासाठी?

आज सकाळी कणीक झाकून ठेवून मी एका साड्यांच्या दुकानाच्या संकेतस्थळावर बारा प्रश्नांची उत्तरे देत बसले होते. ‘तुमची आवड आम्हाला सांगा’ असा त्यांचा आग्रह होता आणि मीही भाबडेपणाने ती सांगितली: सुती हवी, रंग फिका हवा, जरीचा काठ नको, रेशीम तर नकोच. दुपारी संदेश आला, ‘खास तुमच्यासाठी निवडलेले’, आणि त्याखाली राणी रंगाची, वीतभर जरीकाठाची रेशमी पैठणी. पाच मिनिटांनी तोच संदेश आणि तीच पैठणी नवऱ्याच्या फोनवर आली. त्याच्यासाठीही ती खासच निवडलेली होती.

मी स्वतः गेली चौदा वर्षे डिजिटल मार्केटिंगमध्ये आहे. हा प्रकार कसा घडतो हे मला ठाऊक आहे, आणि म्हणूनच राग अधिक आला. प्रश्नांचा फॉर्म एक जण तयार करतो, संदेश दुसराच कोणी पाठवतो, आणि त्या दोघांची कधी गाठ पडत नाही. व्हिडिओ गेममध्ये खेळणाऱ्याला आपल्या पात्राचे रंगरूप स्वतः घडवता येते; आपल्या धंद्याने त्याकडे पाहून काही शिकावे, असे मी ऑफिसात म्हणते तेव्हा लोक हसतात. हसोत बापडे. मला ही गोष्ट सासूबाईंनी शिकवली आहे.

डिसेंबर २०२० ची गोष्ट. शाळा घरातच भरत होती आणि लेक उरलेला वेळ ‘द सिम्स ४’ खेळण्यात, म्हणजे पडद्यावर माणसे घडवून त्यांचा संसार चालवण्यात घालवत होती. त्याच महिन्यात त्या खेळात त्वचेच्या शंभराहून अधिक नव्या छटा आल्या होत्या आणि ती एक नवी बाई घडवत होती. शेजारी तांदूळ निवडत बसलेल्या सासूबाईंनी पडद्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, “अगं, हिला एवढी गोरी कशाला केलीस? आपल्या घरात कोण आहे एवढं गोरं?” मग छटा एकेक पायरी सावळी होत गेली. त्या खेळात नाक थेट माउसने धरून ओढता येते, हे कळल्यावर तर तांदळाचे ताट बाजूलाच राहिले. “चाफेकळी नको, जरा बसकं कर, आमच्या माहेरचं नाक तसंच आहे.” नऊवारी सापडली नाही, नथ सापडली नाही, त्याबद्दल खेळ करणाऱ्यांना दोन शब्द ऐकावे लागले. दोन तास गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप हातात घेऊन सासूबाई लेकीच्या खोलीच्या दारात उभ्या: “माझी बाई जेवली का?”

त्या खेळातल्या माणसांना भूक लागते, इतके त्यांना कळले होते. पण ‘माझी’ हा शब्द कुठून आला? कोणी त्यांना ‘प्रिय ग्राहक’ म्हटले नव्हते, कोणी त्यांचे नाव कुठल्या यादीतून उचलून संदेशात घुसडले नव्हते. त्यांनी फक्त एक नाक स्वतःच्या हाताने बसके केले होते. आपण स्वतः जोडलेल्या वस्तूचे मोल आपल्याला जास्त वाटते, याला नॉर्टन, मोचोन आणि एरिअली या अभ्यासकांनी २०१२ साली, सुटे भाग घरी नेऊन जोडायचे फर्निचर विकणाऱ्या कंपनीवरून, ‘आयकिया इफेक्ट’ असे नाव दिले आणि आमच्या क्षेत्रात ते सगळ्यांना पाठही आहे. तरीही सगळे संदेशात नाव घालण्यावरच थांबतात.

गेम करणाऱ्यांचेही सगळेच बरोबर असते असे नाही. त्याच डिसेंबरात ‘सायबरपंक २०७७’ हा खेळ आला. त्यात पात्राचे दात आणि नखांची लांबीसुद्धा निवडता येत होती. पण खेळ पात्राच्या डोळ्यांतून दिसणारा, त्यामुळे तासभर खपून घडवलेला चेहरा बहुतेक वेळ दिसतच नसे. आणि एकदा ठरवलेले केस बदलायचे म्हटले तर ती सोय फेब्रुवारी २०२२ मध्ये आली. माझ्या साडीच्या दुकानाची हीच गत आहे. बारा प्रश्न विचारायचे आणि उत्तरांचे तोंडही पाहायचे नाही! याउलट ‘बाल्डर्स गेट ३’ ऑगस्ट २०२३ मध्ये आला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस त्यांनी पात्राचे रूप पुन्हा बदलता येईल असा जादूचा आरसा दिला. माणसाची आवड बदलते, हे गृहीत धरणे म्हणजे काही उपकार नव्हेत.

मला सर्वांत आवडलेले उदाहरण ‘ड्रॅगन्स डॉग्मा २’चे. मार्च २०२४ मध्ये खेळ विक्रीला येण्याच्या दोन आठवडे आधी त्यांनी केवळ पात्र घडवण्याचा भाग फुकट खुला केला. लोकांनी चेहरे घडवले, एकमेकांना दाखवले आणि खेळ यायच्या आत त्यांचे स्वतःचे माणूस आत जाऊन बसले होते. याहून चांगली जाहिरात मी चौदा वर्षांत केलेली नाही. आणि मग पहिल्याच दिवशी त्यांनी रूप बदलण्याची मुभा वेगळे पैसे घेऊन विकायला काढली! तीच वस्तू खेळातल्या कमाईतूनही मिळत होती, हे मान्य. पण तोवर लोक भडकायचे ते भडकलेच. आपण प्रेमाने घडवलेल्या चेहऱ्यावर कोणी टोलनाका उभारला तर कसे वाटेल?

‘फोर्टनाइट’चे दाखले आमच्या बैठकांत फार कौतुकाने दिले जातात. खेळ फुकट, कमाई पोशाखांवर, आणि त्या पोशाखांनी खेळण्यात कणभर फरक पडत नाही. पण नवा पोशाख न घेतलेल्या मुलाला इतर मुले ‘डिफॉल्ट’, म्हणजे फुकटच्या मूळ रूपातला, म्हणून हिणवतात, हे त्या सादरीकरणात नसते. ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने डिसेंबर २०२२ मध्ये हा खेळ करणाऱ्या एपिक गेम्स कंपनीबरोबर ५२ कोटी डॉलरची तडजोड जाहीर केली; त्यांतले साडेचोवीस कोटी नको असलेली खरेदी फसवून करायला लावल्याबद्दल ग्राहकांना परत देण्यासाठी होते. सासूबाईंच्या त्या बाईच्या बसक्या नाकाला कोणी हसले असते, आणि सरळ नाक पैसे देऊन मिळेल असे सांगितले असते, तर? या विचाराने आत्तासुद्धा माझे डोके फिरते.

असो. प्रत्येकाकडे दोन तास नसतात, हेही खरे. ‘सिम्स’मध्ये फाशाचे एक बटण आहे, ते दाबले की खेळच पात्र घडवून देतो, आणि पुष्कळ जण तेच दाबून मोकळे होतात. नवरा त्यांतलाच. अशा लोकांसाठी तयार चेहरा नीटनेटका हवा, एवढे मी मानते.

आणि इतके लिहून झाल्यावर कबूल केलेले बरे: ‘खास तुमच्यासाठी’ हे शब्द मी स्वतः इतक्या वेळा लिहिले आहेत की त्यांचा हिशेब ठेवलेला नाही. ज्यांनी ही पैठणी पाठवली त्यांच्याकडेही माझ्यासारखीच कोणीतरी बसली असेल, सहाच्या आत पाच संदेश पाठवायचे म्हणून घड्याळाकडे पाहत.

संध्याकाळी तो संदेश सासूबाईंना दाखवला. चष्मा लावून त्यांनी पैठणी नीट पाहिली, काठ चांगला आहे म्हणाल्या, आणि मग विचारले, “पण तुला सुती हवी होती ना? मग तुला विचारलं कशाला?”

मी पुन्हा त्या संकेतस्थळावर गेले. दिलेली उत्तरे बदलण्याची सोय कुठेच नव्हती. उद्या अकरा वाजता एका ग्राहकाला मी केलेला फॉर्म दाखवायचा आहे. त्यात चौदा प्रश्न आहेत. त्यांतल्या नऊंच्या उत्तरांचे पुढे काय करायचे, हे आमच्यापैकी कोणीच ठरवलेले नाही. ते नऊ मी आत्ताच काढून टाकले आहेत.