पन्नाशीनंतर एआरटी बंद करा म्हणणारा तो मेसेज

मंगळवारी रात्री मावशीचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं बोलली, मग हळूच म्हणाली, "अगं, तीन दिवस गोळी घेतली नाहीये मी, चालेल ना?" वय ५८, एवढी वर्षं घड्याळ लावून गोळी घेणारी बाई. खोदून विचारलं तेव्हा कळलं, बचत गटाच्या ग्रुपवर मेसेज आलाय. एचआयव्हीवाल्यांना पन्नाशीनंतर हमखास वेड लागतं, ते एचआयव्हीमुळं नाही तर एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या रोजच्या गोळ्यांमुळं लागतं, म्हणून वय झालं की गोळ्या सोडून काढा घ्यावा, आणि मेंदूत गेलेला एचआयव्ही थुंकीतून पसरतो म्हणून अशा माणसाला घरात वेगळं ठेवावं. खाली 'जनहितार्थ'. मावशीला एचआयव्ही आहे हे गटात कुणालाच माहीत नाही, त्यामुळं तिला तिथं नुसतं "हे खोटं आहे" म्हणायचीही चोरी. म्हणून मी लिहितेय, तिला विचारून.

सगळ्यात आधी ते गोळ्या सोडायचं, कारण यानं माणूस मरू शकतो. गोळ्या थांबवून बघू, तब्येत बरी असेल तर काय बिघडतं, हा प्रयोग डॉक्टरांनी खरंच करून बघितलाय. 'स्मार्ट' नावाची ट्रायल होती, ३३ देश, ५४७२ माणसं. अर्ध्यांनी औषध चालूच ठेवलं, उरलेल्यांचं सीडी४ (रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) ३५०च्या वर असेल तर बंद, २५०च्या खाली गेलं की परत सुरू. औषध चालू असलेल्यांत ४७ जणांना गंभीर संसर्ग किंवा मृत्यू, थांबवलेल्यांत १२० जणांना! जानेवारी २००६ मध्ये ट्रायलमध्ये नवी माणसं घेणंच थांबवावं लागलं. आणि ही डॉक्टरांच्या नजरेखालची, सीडी४ मोजत असलेली माणसं होती, काढा पीत घरी बसलेली नव्हती.

मेंदूचंच बोलायचं तर गोष्ट मेसेजच्या बरोबर उलटी आहे. लागण झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच विषाणू पांढऱ्या पेशींबरोबर मेंदूत पोचतो आणि तिथल्या संरक्षक पेशींत घर करतो. तिथून जी सूज चालू राहते तिनं मेंदूच्या पेशी खराब होतात. त्याला दाबून ठेवतं ते एआरटी. गोळी सोडली की साधारण दोन ते चार आठवड्यांत विषाणू परत वाढायला लागतो, पुढं सीडी४ पडलं की टीबीचा मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणाची सूज), बुरशीनं होणारा क्रिप्टोकॉकल मेनिंजायटिस, टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीचा संसर्ग, हे सगळं मेंदूवरच येतं. म्हणजे मेंदू वाचवायला गोळी सोडा म्हणणारा माणूस मेंदूच घालवायला सांगतोय.

आता एक मान्य करते, मनात नसलं तरी. एफाविरेन्झ नावाचं औषध पूर्वी रात्रीच्या गोळीत असायचं, त्यानं चक्कर, विचित्र स्वप्नं, काहींना उदासी यायची हे खरंय. मावशीनंही ते भोगलंय. पण आता सरकारी एआरटी केंद्रात बहुतेकांना डॉल्युटेग्रॅव्हीर हे औषध असलेली टीएलडी नावाची गोळी मिळते. तिच्यानंही काहींची झोप उडते, तर ते डॉक्टरांना सांगायचं, वेळ बदलता येते, औषध बदलता येतं. आपल्या मनानं बंद नाही करायचं.

"हमखास वेड" हे कुठून आलं असेल तेही बघितलं. अमेरिकेत एचआयव्ही असलेल्या १५५५ जणांच्या स्मरणशक्तीच्या, विचार करण्याच्या चाचण्या घेतलेला 'चार्टर' अभ्यास २०१० मध्ये आला, त्यात निम्म्याहून जास्त जणांत काही ना काही कमी निघालं. ऐकायला भयंकर वाटतं, पण खरा डिमेन्शिया, म्हणजे मेसेजवाला ज्याला वेड म्हणतो तो, फक्त २ टक्के, आणि सगळ्यात मोठा गट होता रोजच्या जगण्यात काहीच अडचण नसलेल्यांचा. कमी कुणाला म्हणायचं याचे हे निकष फार सैल आहेत, ज्यांना एचआयव्ही नाही असेही बरेच जण त्यात अडकतात, हे पुढं तज्ज्ञांनीच म्हटलंय. म्हणून काहीच होत नाही असं नाही. विषाणू दबलेला असला तरी थोडी सूज राहते, उपचार सुरू व्हायच्या आधी सीडी४ खूप खाली गेलेलं असेल तर धोका जास्त, शिवाय वयाबरोबर बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, तंबाखू यांचा मार मेंदूवर बसतोच. नावं पटकन न आठवणं, दोन कामं एकदम न जमणं असं होत असेल तर दाखवा. बी१२, थायरॉइड, डिप्रेशन, कानानं कमी ऐकू येणं, यातलं काहीही निघू शकतं आणि त्यावर इलाज आहे. "एचआयव्ही आहे ना, मग होणारच" म्हणून सोडून देऊ नका.

थुंकीचं तर काय बोलायचं. थुंकीतून, ताटातून, एका खोलीत झोपून एचआयव्ही पसरत नाही, मेंदूतला असो की कुठलाही. २०१७ च्या कायद्यानं अशा माणसाशी भेदभाव करायला बंदी आहे.

बुधवारी मावशीबरोबर केंद्रावर गेले. डॉक्टरांनी त्याच दिवसापासून गोळी सुरू करायला सांगितली, आणि हो, ओरडलेही. येताना ती एवढंच म्हणाली, "गटात टाक गं कुणीतरी." मी त्या ग्रुपात नाही. तुमच्यातलं कुणी असेल आणि तो मेसेज आला असेल, तर त्याच्याखाली हे टाका, माझं नाव नको. कुणाला विचारायचं असेल तर १०९७ वर फोन करा, फुकट आहे.