धुक्यात ट्रकची शेपूट धरू नका

‘दाट धुक्यात गाडी चालवण्याचे पाच रामबाण उपाय’ हा मेसेज ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहणाऱ्या आत्याने माझ्या धाकट्या भावाला पाठवला. तो पहाटे चारला ग्वाल्हेरहून नोएडाला निघणार, म्हणजे मुरैना, धौलपूर, आग्रा आणि पुढे यमुना एक्सप्रेस वे, तेही ऐन जानेवारीत. आत्याची माया कळते, पण हे ‘उपाय’ लिहिणाऱ्याने कधी स्टीअरिंगला हात लावला होता का?

सगळ्यात घातक पहिलाच: ‘ट्रकचे लाल दिवे धरून चला, ड्रायव्हरला रस्ता पाठ असतो.’ रस्ता पाठ असेल हो, पण मधोमध बंद पडलेला डंपर पाठ असतो का? हवामान खात्याच्या हिशेबात ५० मीटरच्या आतलंच दिसत असेल तर ते अतिदाट धुकं. आता ब्रिटनच्या हायवे कोडमधलं, म्हणजे तिथल्या वाहतूक नियमांच्या पुस्तिकेतलं, कोष्टक पाहा. गाडी थांबायला ताशी ६४ किलोमीटरला ३६ मीटर लागतात, ८० ला ५३. त्या ३६ पैकी १२ मीटर तर पाय ब्रेकवर पोचेपर्यंतच संपतात. आणि दिवे दिसत राहावेत म्हणून तुम्ही ट्रकच्या किती जवळ जाता? पुढच्या गाडीचे मागचे दिवे खोटा भरवसा देतात, हेही त्याच कोडमध्ये लिहिलंय.

मुरैन्याकडची भुशाची ट्रॉली आठवा. दोन्ही अंगांनी फुगलेली, ताडपत्री खाली लोंबणारी, मागचा दिवा असलाच तर तिच्याआड. उंचावर बसलेला ट्रकवाला ती शेवटच्या क्षणी पाहतो, गाडी काढून घेतो, आणि ट्रॉली तुमच्या बॉनेटसमोर येते. पुढे ट्रक असला की वळण आधी कळतं, एवढं मान्य. पण अंतर ठेवा, दिवे दिसेनासे झाले तर होऊ देत.

दुसरा, ‘अपर लावा’, म्हणजे हेडलाइटचा वरचा, लांबचा झोत. साफ उलटं. उजेड थेंबांवर आपटून आपल्याच डोळ्यांत परत येतो. डिपर, म्हणजे खालचा झोत लावा, फॉग लॅम्प असेल तर तोही.

तिसरा, हेडलाइटवर पिवळा कागद, पिवळा उजेड म्हणे धुकं भेदतो. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीहून कितीतरी मोठे, ते सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. फ्रान्समध्ये १९९३ पर्यंत पिवळे हेडलाइट सक्तीचे होते, म्हणून कदाचित ही समजूत चिकटली असेल. फॉग लॅम्पचा उपयोग होतो तो खाली बसवलेला आणि सपाट झोताचा असतो म्हणून. कागदाने उजेड घटेल, बस्स.

चौथा, चारही इंडिकेटर चालू ठेवून चालवा. मग तुम्ही उभे आहात की चालता आहात, वळणार की सरळ जाणार, हे मागच्याने ओळखायचं कसं?

पाचवा, ‘एसी बंद, खिडकी थोडी उघडी.’ खिडकीचं बरोबर आहे, बाहेरचे आवाजही कळतात. पण एसी हवा कोरडी करतो, म्हणून काच आतून धुरकटली तर तोच हवा. झोत काचेवर सोडा, आतलीच हवा फिरवणारं रीसर्क्युलेशन बंद करा, थंडी वाजली तर सोबत हीटर लावा.

आणि उशिरा निघा, हे पाचांत कुठेच नाही! ऊन चढलं की धुकं बहुतेक वेळा विरतं. यमुना एक्सप्रेस वेवर हिवाळ्यात वेगमर्यादाच खाली आणतात, ते काय उगीच? वाटेत अडकलात तर गाडी ढाब्याच्या नाहीतर पंपाच्या आवारात पार आत घ्या, रस्त्याच्या कडेला लावू नका.