विचारलं होतं हो, 'वाय' मीच दाबलं

बीड जिल्ह्यातल्या एका कॉलेजचा सर्व्हर मी अंबाजोगाईतून, घरूनच सांभाळतो. ऐन प्रवेशाच्या दिवसांत, रात्री अकराला लाइट आली म्हणून तेव्हाच त्यावरची ऑपरेटिंग सिस्टिम, डेबियन, ११ ची १२ करायला घेतली. मध्येच वेबसाइट चालवणाऱ्या एन्जिनएक्स या प्रोग्रॅमबद्दल प्रश्न आला: त्याची कॉन्फिग (सेटिंगची) फाइल तुम्ही बदललीय, नव्या पॅकेजमध्येही (प्रोग्रॅमच्या नव्या गठ्ठ्यातही) ती बदललीय, कोणती ठेवू? डोळ्यांवर झोप. प्रश्न दिसला की 'वाय', ही बोटांची सवय. इथं 'वाय' म्हणजे नवी टाक, 'एन' म्हणजे माझीच ठेव.

सकाळी क्लार्कचा फोन. "सर, पोरायचे दाखले अपलोडच होईना गेलेत. खिडकीपाशी ही रांग लागलीय!"

एन्जिनएक्सला काही सांगितलं नाही तर तो एक एमबीच्या वरची फाइल घेत नाही, ४१३ म्हणतो आणि परत पाठवतो. ती मर्यादा १२ एमबी करणारी ओळ मीच कधीकाळी लिहिली होती, ती नव्या फाइलीत नव्हती. मोबाइलवर काढलेला जातीच्या दाखल्याचा फोटोच तीन-चार एमबीचा असतो. दुपार त्यात गेली. आणि गंमत म्हणजे माझी जुनी फाइल त्याच फोल्डरमध्ये, शेवटी 'डीपीकेजी-ओल्ड' लावून, शाबूत पडलेली होती! मला पत्ताच नव्हता.

तरी माझं मत डेबियनच्याच बाजूनं आहे. अपग्रेडमध्ये वापरणाऱ्यानं केलेले बदल जपलेच पाहिजेत, हे त्यांच्या पॉलिसीत लिहिलेलं आहे. डीपीकेजी, म्हणजे डेबियनमध्ये पॅकेज बसवणारा प्रोग्रॅम, फाइलींच्या ठशांवरून (मजकुरावरून काढलेल्या खुणेवरून) ताडून बघतं: जुन्या पॅकेजनं दिलेली फाइल, तुमच्याकडची आजची, आणि नवी. तुम्ही हात लावला नसेल तर गुपचूप नवी टाकतं. पॅकेजवाल्यानं बदलली नसेल तर तुमची राहते. दोघांनीही बदलली तरच विचारतं, आणि नुसतं एंटर मारलं तर तुमचीच ठेवतं. सातबाऱ्यावर फेरफार घेण्याआधी नोटीस यावी, तसं. नोटीस न वाचता सही करणारा मी.

आरपीएमच्या, म्हणजे रेड हॅटसारख्या लिनक्समधल्या पॅकेज पद्धतीच्या, दुनियेत असं विचारणं नाही. तिथं पॅकेज बांधणाऱ्यानं 'नोरिप्लेस' लिहिलं असेल तर तुमची फाइल जागेवर राहते आणि नवी शेजारी 'आरपीएमन्यू' होऊन बसते. ते लिहायचं राहिलं, आणि पॅकेजमधली फाइलही बदललेली असली, की तुमचीच 'आरपीएमसेव्ह' होऊन बाजूला जाते. आपल्या सर्व्हरचं काय व्हायचं ते कुठल्या तरी तिसऱ्याच माणसाच्या एका शब्दावर. मला नाही पटत.

तक्रार एकच, प्रश्नाच्या भाषेची. मेंटेनर म्हणजे पॅकेज बांधणारा, पण 'मेंटेनरची आवृत्ती' वाचून नव्या पोराला वाटतं, मेंटेनर म्हणजे आपणच की! (आणि कमांडला 'वाय' जोडलं म्हणजे हाही प्रश्न गेला असं समजू नका. ते उत्तर एपीटीला, पॅकेज आणून डीपीकेजीच्या हाती देणाऱ्या प्रोग्रॅमला, जातं, डीपीकेजी तरीही थांबून विचारतं.)

दर वेळी 'एन' दाबत राहणंही खरं नाही. नव्या फाइलमध्ये सुरक्षेची एखादी दुरुस्ती असते, ती तुमच्यापर्यंत येतच नाही. म्हणून आधी 'डी' दाबून फरक बघायचा. मी तर आता मुख्य फाइलला हातच लावत नाही. एन्जिनएक्स मुख्य फाइलीबरोबर वाचतो त्या कॉन्फ-डी फोल्डरमध्ये आपली वेगळी फाइल, त्यात ती १२ एमबीची एक ओळ. पॅकेजवाल्यांची फाइल त्यांना लखलाभ.

आज दुसऱ्या एका सर्व्हरवर, परभणीच्या, 'डीपीकेजी-डिस्ट' शोधलं; 'एन' दाबलं की नवी फाइल हे शेपूट लावून बाजूला राहते. सात निघाल्या. म्हणजे तिथं सात वेळा 'एन' दाबून मी पुढं गेलो होतो आणि नव्या फाइली उघडूनही बघितल्या नव्हत्या. तीन झाल्यात बघून. चौथी एसएसएचची, म्हणजे दुरून सर्व्हरवर शिरायच्या वाटेची, आहे, ती लाइट असताना, दिवसाढवळ्या बघीन म्हणतो.